गाड्या पाहायला येणाऱ्यांसाठीही एक तिकीट हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेच्या फलाट तिकिटाची मुदत दोन तासांची असते. पाहुण्यांना गाडीत बसवून देणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो आणि गर्दीच्या स्थानकांवर अशी मर्यादा असणे योग्यही आहे. परंतु जो माणूस केवळ गाड्या पाहण्यासाठीच स्थानकावर येतो, त्याने काय करावे, याचा विचार या नियमात झालेला दिसत नाही. नुकताच आईबरोबर कसारा आणि इगतपुरी येथे गाड्या पाहण्यात एक दिवस घालवला, त्या निमित्ताने हे पत्र लिहीत आहे.

आईचे वय पंचाहत्तरीच्या जवळ आहे. तिचे वडील इगतपुरीच्या लोकोशेडमध्ये फिटर होते आणि तिचे बालपण तेथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. त्यामुळे ‘गाड्या बघायला जाऊ या’ असा हट्ट आमच्या घरात नातवंडे करत नाहीत, आजीच करते. कल्याणहून सकाळच्या लोकलने आम्ही दोघी कसाऱ्याला उतरलो, तेव्हा पावसाची रिपरिप चालू होती आणि तिचे पहिले वाक्य होते, “पुढे नको, मागच्या टोकाला चल, खरी गंमत मागे असते.”

ती मागे का असते, हे घाटातून नेहमी प्रवास करणाऱ्यांपैकीही अनेकांना माहीत नसते. कसारा ते इगतपुरी या सुमारे १५ किलोमीटरांच्या थळ घाटात लोहमार्ग जवळजवळ ३०० मीटर चढतो आणि त्याचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा आहे. एवढ्या चढावर लांबलचक गाडी नुसती पुढून ओढायची म्हटले, तर इंजिनाची ताकद अपुरी पडतेच, शिवाय डब्यांमधील कपलिंगवर असह्य ताण येतो आणि एखादे तुटलेच, तर मागचे डबे उतारावरून सुटण्याचा धोका असतो. म्हणून गाडीच्या शेपटीला बँकर इंजिने जोडतात व ती तिला खालून रेटतात. बँकर अगदी हळू येऊन शेवटच्या डब्याला टेकतो, कर्मचारी कपलिंग आणि ब्रेकचे नळ जोडतात, पुढच्या आणि मागच्या इंजिनांची शिट्ट्यांची देवघेव होते, आणि मग पुढून ओढ व मागून रेटा असे दोन्ही एकदम लागून गाडी हलते. फलाटावर उभे राहून हे सारे काही हातांच्या अंतरावरून दिसते, आणि माझ्या मते मुंबईच्या परिसरात फुकट पाहायला मिळणाऱ्या गोष्टींत याच्या तोडीचे फार थोडे आहे. (फुकट म्हणजे फलाट तिकीट वगळून.)

कसाऱ्याला थांबणाऱ्या एका एक्सप्रेसच्या साध्या डब्यातून आम्ही घाट चढलो. एहेगावच्या उंच पुलावर गाडी आली, तेव्हा खिडकीतून खालच्या दरीत धुक्याखेरीज काही दिसत नव्हते. आईने मात्र पूल आल्याचे चाकांच्या आवाजावरून आधीच सांगितले होते. हा मार्ग इगतपुरीपर्यंत १८६५ साली खुला झाला आणि १९३० मध्ये येथे विजेची इंजिने धावू लागली. तिच्या लहानपणी मुंबईहून आलेले विजेचे इंजिन इगतपुरीला सुटायचे आणि पुढे भुसावळकडे जायला कोळशाचे लागायचे. साठच्या दशकाच्या अखेरीस पुढच्या मार्गावरही वीज आली, पण ती २५ हजार व्होल्ट एसी, तर मुंबईच्या बाजूची १५०० व्होल्ट डीसी; म्हणून इंजिने बदलण्याचा खटाटोप पुढे कित्येक वर्षे चालूच राहिला. मुंबईपर्यंतच्या मुख्य मार्गावरील वीज बदलण्याचे काम २०१५ साली पूर्ण झाले. घाटात चालणाऱ्या जुन्या, लांब नाकाच्या इंजिनांना रेल्वेतील माणसे ‘खेकडा’ म्हणत. त्यांतले एक मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात ठेवलेले आहे, परंतु आईच्या मते उभे असलेले इंजिन म्हणजे निम्मेच इंजिन.

परतीच्या उताराला तिने मला आणखी एक गोष्ट दाखवली. घाटात ठरावीक जागी उतरणाऱ्या गाडीला पूर्ण थांबावे लागते, कारण तेथे सांधे आधीच चढावर जाणाऱ्या आडमार्गाकडे, म्हणजे कॅच सायडिंगकडे, वळवून ठेवलेले असतात. गाडी थांबली, म्हणजे ती ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. एखादी बेफाम सुटलीच, तर ती आडमार्गाच्या चढावर जाऊन थांबावी अशी ही योजना आहे. मधेच गाडी थांबल्यावर ‘सिग्नल का देत नाहीत’ म्हणून कुरकुरणारे सहप्रवासी हे ऐकून गप्प झाले आणि नंतर त्यांनीच आईला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

या दिवसाला गालबोट लागले ते एका स्थानकावर, ज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन तास उलटून गेल्यामुळे आम्हाला हटकण्यात आले, ते नियमाला धरूनच होते आणि आम्ही निमूटपणे नवे तिकीट काढले. परंतु मोबाइलवर इंजिनाचे छायाचित्र काढताना एका कर्मचाऱ्याने ‘मनाई आहे’ म्हणून दरडावले, तर थोड्याच वेळात दुसऱ्याने आपण होऊन छायाचित्र कोठून चांगले येईल ते सांगितले. घरगुती छंद म्हणून छायाचित्र काढावे की काढू नये, हे सांगणारा एकही फलक आम्हाला तेथे आढळला नाही.

माझी सूचना अशी की, कसारा, इगतपुरी, कर्जत आणि लोणावळा या घाटाच्या पायथ्याच्या व माथ्याच्या स्थानकांवर गाड्या पाहणाऱ्यांसाठी दिवसभराचे, थोडे अधिक दराचे तिकीट सुरू करावे. त्या तिकिटावर फलाटाच्या ठरवून दिलेल्या भागातच थांबण्याची मुभा असावी, तेथे पिवळी रेघ ठळक आखलेली असावी आणि वृद्धांना टेकता येईल असा एखादा बाक छपराखाली असावा. घरगुती छायाचित्रणाचा जो काही नियम असेल, तो मराठीत त्याच जागी लावावा. सुरक्षेची रेल्वेची चिंता मला पूर्ण मान्य आहे. उत्तम दृश्याच्या हव्यासाने घाटात रुळांवरून चालत जाणारे उत्साही तरुण मी पाहिले आहेत, आणि रेल्वे कायद्यानुसार अशांवर कारवाई व्हावी याबद्दल दुमत नाही. पण अधिकृत, सुरक्षित जागा मिळाली तर त्यांतले बरेचसे तेथेच उभे राहतील.

हे लवकर व्हावे, याला कारण आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली मुंबईची नाशिकमार्गे राजधानी दोन्ही टोकांना इंजिने लावून हा घाट ओलांडते, २०२३ पासून शिर्डीची वंदे भारत बँकरशिवायच चढते (‘मागे इंजिनच नाही, मग बघायचं काय?’ हा त्यावरचा आईचा अभिप्राय), आणि कमी चढाच्या नव्या मार्गाची चर्चाही अनेक वर्षे चालू आहे. प्रवाशांच्या दृष्टीने हे बदल चांगलेच आहेत. मात्र बँकर जोडताना पाहण्याची संधी त्यामुळे कमी होत जाणार. चारही स्थानकांवर एकदम शक्य नसेल, तर येत्या पावसाळ्यातील शनिवार-रविवारी एकट्या कसाऱ्याला हा प्रयोग करून पाहावा, अशी रेल्वे प्रशासनाला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कल्याण