जर्मनीला पाठवा, पण आधी इथं जर्मन शिकवा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

‘तीन आठवडे जर्मनीत राहा, भाषा आणि संस्कृती शिका’ असल्या प्रोग्रामच्या जाहिराती आता आपल्या बेळगावात पण दिसायलेत, आणि पालक कर्ज काढून पोरांना पाठवायलेत म्हणून लिहायलोय.

मी स्वतः असा कोर्स जर्मनीतल्या फ्रायबुर्गला करून आलोय. फायदा भरपूर झाला, खोटं कशाला बोलू. पण माझं ए-टू, म्हणजे जर्मनची ए-वननंतरची दुसरी पायरी, आधीच झालेलं, आणि राहायला एका आजींच्या घरी होतो. सकाळी नाश्त्याला त्या विचारायच्या काल काय काय केलंस, आणि मी सांगायला लागलो की गप्प ऐकायच्या. जर्मनमध्ये असं कालचं सांगताना मेन क्रियापद पार शेवटी येतं, ते माझ्या तोंडातनं बाहेर पडेपर्यंत आजी लोण्याची सुरी तशीच हातात धरून थांबायच्या, मधे शब्द सुचवायच्या नाहीत. पॅकिंगचं प्लास्टिक पिवळ्या पिशवीत, ओला कचरा ब्राऊन डब्यात, काचेच्या बाटल्या रविवारी टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो, रविवारी दुकानं पण बंद, हे सगळं त्यांनीच शिकवलं, तेही जर्मनमधनंच.

त्याच कोर्सला काही मुलं शून्यावर आलेली, सगळी आपलीच, एकाच हॉस्टेलवर, दिवसभर हिंदी-इंग्लिश. त्यांचा दोष नाही, ज्यांनी पैसे घेतले त्यांनी आधी सांगायला पाहिजे होतं. साधा हिशोब आहे, शून्यापासून ए-टू व्हायला 45 मिनिटांचे 200 ते 350 तास लागतात, आणि तीन आठवड्यांत, आठवड्याला 20-25 धरले तरी, 60-75 तासच होतात. मग पोरगं तिथं जाऊन भाषा कधी शिकणार? बेकरीत ब्रेड मागता येईल फार तर. पण ए-टू झालेल्याला तेच तीन आठवडे सोन्यासारखे, कारण पुस्तकात शिकलेलं सगळं तिथं तोंडातनं यायला लागतं.

सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही खरं तर. शाळेत कन्नड कितीही वर्षं असू दे, ते तोंडात बसतं बाजारात आणि बसमध्येच की, पण शाळेतलं थोडं डोक्यात असतं म्हणूनच बसतं ना. आणि इथनं दीड-दोन तासावरच्या धारवाडचंच बघा, तिथं फर्डिनंड किटेल नावाचे जर्मन मिशनरी येऊन राहिले, लोकांत मिसळून कन्नड शिकले आणि 1894 साली त्यांचा कन्नड-इंग्लिश शब्दकोश छापून आला, जो अजून वापरतात. त्याला कित्येक वर्षं लागली, तीन आठवडे नव्हे.

म्हणून कॉलेजवाल्यांना कळकळीची विनंती, वर्षभर आधी ए-वन, ए-टूचे क्लास इथंच घ्या, परीक्षेला पुण्याला नाहीतर बेंगळूरला मॅक्स म्युलर भवनला, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेत पाठवा, आणि पास होतील त्यांनाच पुढं न्या. आपल्या पोरांना ते जमतंय, जर्मन शब्दांआधी लागणाऱ्या डेर-डी-डासची तीन लिंगं मराठीवाल्याला काय नवीन नाहीत. डीएएडी ही जर्मन संस्था पण उन्हाळी कोर्सला स्कॉलरशिप देत आलीय, पण ज्यांना आधीच बऱ्यापैकी जर्मन येतं त्यांनाच, म्हणजे खानापूर-निपाणीकडच्या गरीब घरच्या हुशार पोरीला कर्ज न काढता जायचा तो एक रस्ता असू शकतो. पालकांनी पण पैसे भरायच्या आधी एवढं तरी विचारा, मुलं तिथल्या कुणाच्या घरात राहणार का हॉस्टेलवर, आणि वर्गात दुसऱ्या देशांची मुलं असणार का. नीट उत्तर नाही मिळालं तर पैसे भरू नका.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव