नालबंद चाचांस कृतज्ञतापूर्वक

आदरणीय चाचा,

सादर नमस्कार.

वयाच्या 66 व्या वर्षी, माझ्याच अंगणात जन्मलेल्या घोडीवर बसून आज सकाळी मी भीमेच्या काठाने कोसभर फिरून आलो. पायउतार होताच पहिली आठवण आपली झाली, म्हणून हे पत्र.

निवृत्त झाल्यावर एका धनगर कुटुंबाकडून मी भीमथडी घोडी घेतली. तिला शिंगरू व्हावे असे मनात आले, तेव्हा घोडा उंच आणि रुबाबदारच हवा, असा सल्ला मला जो तो देत होता. एका व्यापाऱ्याला तर मी विसारही देऊन बसलो होतो. आपण घोडीच्या खुरावर कानस चालवत होता. मान वर न करता आपण विचारलेत, "साहेब, विकायचंय की बसायचंय?" त्या प्रश्नाने माझा पुढचा सगळा बेत बदलला. आपण दाखवलेला घोडा ठेंगणाच होता. पण शेजारून ट्रॅक्टर धडधडत गेला तरी तो नुसते कान हलवून उभा राहिला, आणि त्याच्या चालीत धक्का नव्हता. माझ्या गुडघ्यांना याहून अधिक काय हवे होते? पुढे भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाल्याचे वाचले, तेव्हा डोंगरवाटांवर धनगरांचा संसार पाठीवर वाहणाऱ्या या शांत जनावराची पारख आपल्याला आधीच होती, याचे मला फार अप्रूप वाटले.

अकरा महिने भरत आले आणि सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसू लागले, तसे आपण रात्री मुक्कामालाच आलात. शिंगरू तासाभरात लटपटत उभे राहिले. ते चीक प्यायल्याखेरीज आपण मला हलू दिले नाहीत. तीन तासांत वार, म्हणजे गर्भाचे वेष्टन, पडली नाही तर डॉक्टरांना उठवायचे, हे आपण बजावून ठेवले होते. ती पडल्यावर ओल्या गोणपाटावर पसरून, कंदिलाच्या उजेडात, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे आपण बोटांनी चाचपून पाहिलेत. ते दृश्य मी विसरणार नाही.

दोन वर्षांच्या शिंगीवर खोगीर चढवण्याची घाई मी केली असती. पाठीचा कणा भरायचा आहे, असे म्हणून आपण मला चौथ्या वर्षापर्यंत थांबवलेत, आणि तोवर तिला दोरीवर फिरवणे, पाठीवर रिकामे पोते टाकणे, तंगाची, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याची, सवय लावणे, एवढेच करू दिलेत. त्या थांबण्यामुळेच आज मी ओट्यावरून रिकिबीत पाय घालतो, तेव्हा ती जागची हलत नाही.

येत्या गुरुवारी तिचे खूर साळल्याला सहा आठवडे होतील. आपण यावे, चहा तयार ठेवतो.

आपला कृतज्ञ,
भीमाकाठचा एक निवृत्त स्वार