सात सह्यांचा कागद: विद्यार्थी विभागातल्या काकांना पत्र

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहिल्या वर्षाचा एक मुलगा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. ओरिजिनल कागदपत्रं परत हवी असतील तर अर्ज कुणाच्या नावे करायचा, असं त्यानं हिंदीत विचारलं. ऑल इंडिया कोट्यातून आलेला मुलगा, घर राजस्थानात. मी त्याला बसायला सांगितलं आणि माझा हात आपसूक इंटरकॉमकडे गेला. तो गेल्यावर दार लावून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. वीस वर्षांपूर्वी असाच अर्ज घेऊन मी तुमच्या खिडकीशी उभी होते. त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार कधी मानलेच नाहीत. हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्या खिडकीतून हॉल तिकीट घेऊन गेलेले आणि आज राज्यभर दवाखान्यांत बसलेले कितीतरी जण ते वाचतील. त्यांतल्या काहींना आपण त्या मेडिकल कॉलेजात का टिकलो, हे आजही ठाऊक नसेल.

२००५ चा जानेवारी होता, संक्रांत नुकतीच झाली होती. प्रवेश घेऊन पाच महिने झाले होते आणि पहिल्या टर्मिनल परीक्षेत मी तिन्ही विषयांत नापास झाले होते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव हिंगोलीकडचं. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिननं डोळ्यांना धारा लागायच्या आणि मला ते सोयीचं वाटायचं, कारण रडू आलं तरी कुणाला कळत नसे. टेबल व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उत्तर मनात तयार असायचं, तोंडातून मात्र इंग्रजीचं एक वाक्य धड निघायचं नाही. मग सर पुढच्या मुलीकडे वळायचे. मी डी.एड. करायचं ठरवलं होतं. तेव्हा आमच्याकडे डी.एड. झालं की शिक्षकाची नोकरी, हे गणित पक्कं होतं. बाबांना सांगितलं नव्हतं. माझ्या प्रवेशासाठी त्यांनी बैलजोडी विकली होती.

अर्ज तुम्ही पूर्ण वाचलात. 'घरगुती अडचणीमुळे' या शब्दांपाशी थांबलात, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पोरी, नो ड्यूजशिवाय कागद हलत नाही बघ." कुणाचं काही देणं बाकी नाही अशा सह्या घ्यायचा टाइप केलेला एक कागद पुढे सरकवलात. ग्रंथालय, वसतिगृह, मेस, जिमखाना, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री. सात सह्या. "घाई करू नको. दोन-तीन दिवस लागतील."

मला राग आला होता. जायचं ठरवलेल्या माणसाला सात दारं फिरायला लावायची, हे छळण्यासारखं वाटलं होतं.

ग्रंथालयात वर न बघताच सही मिळाली. जिमखान्यात मी पाऊलच ठेवलं नव्हतं, तिथंही तसंच झालं. मेसमध्ये मावशी पोळ्या लाटत होत्या. हात पुसून त्यांनी वही काढली आणि म्हणाल्या, "पैशाचं काही नाही. पण तू महिनाभर रात्री जेवायला येत नाहीस. मी पोळ्या मोजते ना रोज." एवढ्या मोठ्या वसतिगृहात माझं न जेवणं कुणीतरी मोजत होतं. कागद हातात धरून मी तिथेच भिंतीला टेकून बसले. त्यांनी पुढे ताट ठेवलं. डिसेक्शन हॉलच्या मामांनी हाडांच्या सेटची चौकशी केली आणि मग उगाचच सांगत बसले, की पहिल्या आठवड्यात चक्कर येऊन पडलेली पोरं आता कुठे कुठे सर्जन आहेत.

फिजिऑलॉजीच्या मॅडमनी मात्र सही केली नाही. स्नायूंच्या हालचालीचा आलेख काढणाऱ्या किमोग्राफच्या ड्रमला काजळी धरायचं काम चालू होतं, ते थांबवून त्यांनी मला स्टुलावर बसवलं. हृदयाचा ठोका कुठून सुरू होतो, एवढंच विचारलं, आणि वर म्हणाल्या, "मराठीत सांग." मी सांगितलं. एसए नोडपासून निघालेली लहर एव्ही नोडपाशी क्षणभर का रेंगाळते, ती रेंगाळली नाही तर खालचे कप्पे भरायच्या आधीच आकुंचन पावतील, तिथून पर्किंजे तंतूंपर्यंत ती कशी जाते, सगळं. मॅडम म्हणाल्या, "विषय तुला येतोय. राहिलीय ती भाषा, आणि ती येते." पुढचे दोन महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, त्यांनी माझ्याकडून तीच उत्तरं इंग्रजीत वदवून घेतली.

सातवी सही मी घेतलीच नाही.

त्या सात दारांमागे तुम्ही होतात हे मला २०१६ मध्ये कळलं. सहायक प्राध्यापक म्हणून मी त्याच कॉलेजात परत आले होते आणि तुम्ही निवृत्त झाला होतात. मॅडमच्या निरोप समारंभानंतर आम्ही दोघी चहा घेत होतो, तेव्हा त्या सहज बोलून गेल्या. मी खिडकीवरून हलले आणि तुम्ही इंटरकॉम उचललात. सातही ठिकाणी फोन केलात. "एक मुलगी सही मागायला येईल. लगेच सोडू नका, जरा बसवून घ्या." दोघांनी नाही ऐकलं, बाकीच्यांनी ऐकलं. मी काही एकटी नव्हते, दर वर्षी चार-पाच मुलांसाठी तुम्ही असे फोन करत होतात, असंही त्या म्हणाल्या. मला तो चहा संपवता आला नाही.

माझं पुढचं सगळं सुरळीत झालं असंही नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. युनिव्हर्सिटी परीक्षेत अ‍ॅनाटॉमी राहिला, बॅच सुटली. मैत्रिणी वॉर्डात जाऊ लागल्या आणि मी पुन्हा त्याच हॉलमध्ये, धाकट्या मुलांच्या मागे उभी. तेव्हा तुम्ही धीराचं एक वाक्यही बोलला नाहीत. परीक्षेचा फॉर्म पुढे केलात आणि म्हणालात, "शुक्रवार शेवटची तारीख. चलन आजच भर." कुणीतरी आपल्याला पुढच्या परीक्षेत धरून चाललंय, हे त्या वेळी फार मोठं होतं.

इंटर्नशिप संपल्यावर मूळ कागदपत्रं घ्यायला आले, तेव्हा दहावीच्या गुणपत्रिकेखाली माझा तो अर्ज निघाला. त्यावर आवक क्रमांक नव्हता. तुम्ही तो रजिस्टरला चढवलाच नव्हता. तुमच्या डोळ्यांदेखत मी तो वाचला आणि आपण दोघंही काही बोललो नाही. अजून माझ्याकडे आहे.

काका, गेली सात वर्षं विद्यार्थी कल्याणाचं काम माझ्याकडे आहे, जोडीला मुलींच्या वसतिगृहाचं रेक्टरपदही. आमचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिकला सुरू झालं. कमवा व शिका, बुक बँक अशा त्याच्या योजना आहेत, आणि त्या मुलांपर्यंत नेऊन पोचवणं माझं काम आहे. पण हे काम खरं कसं करायचं ते मी तुमच्याकडून शिकले. तुम्ही म्हणायचात, बोनाफाईड मागायला येणारा टिकतो, ओरिजिनल मागायला येणाऱ्याकडे बघावं लागतं. कुणाची मनिऑर्डर यायची थांबली, कोण शिष्यवृत्तीच्या कागदावर सही करायला आला नाही, दिवाळीला एसटीच्या सवलतीचा फॉर्म कुणी नेला नाही, हे सगळं तुमच्या टेबलावर दिसायचं. प्राध्यापकांना कळायच्या कितीतरी आधी ते तुम्हाला कळलेलं असायचं.

आता ती खिडकी जवळजवळ उरलेली नाही. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, फी ऑनलाइन, अर्ज पोर्टलवर. मुलांचे हेलपाटे वाचले, रांगा संपल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा बघणारं माणूसही तिच्याबरोबर गेलं. म्हणून मी दर सोमवारी मेसच्या मावशींशी अर्धा तास बोलते. हजेरीच्या पत्रकातून मला टक्के कळतात, पोळ्या कुणाच्या कमी झाल्या ते मावशींकडून कळतं. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि ती कमी पडल्याची नोटीस निघते तोवर मुलगा मनानं कधीच निघून गेलेला असतो.

२०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला आणि पहिल्या वर्षाच्या तोंडाशी फाउंडेशन कोर्स आला. त्यात स्थानिक भाषेचेही तास असतात. ते मी दुसऱ्या कुणाला देत नाही. केरळ, बिहार, राजस्थानातून आलेली मुलं समोर असतात आणि मी फळ्यावर लिहिते: कळ, ठणका, चमक, मुरडा, कणकण, जळजळ. पोटात येते ती कळ, गळू मारतं तो ठणका, पाठीत भरते ती चमक. म्हातारी बाई "हातपाय गळाले" म्हणाली तर हातापायाला काही लागलंय का हे शोधत बसू नका. "घाबरल्यासारखं होतंय" हे शब्द ऐकले की आधी नाडी बघा. मुलं हसतात, वहीत उतरवून घेतात. वॉर्डात गेल्यावर पहिल्यांदा माझंच मराठी बाकीच्यांपेक्षा उपयोगी पडलं होतं. पेशंटला विचारून आजाराची हिस्टरी घेताना युनिटमधली इंग्रजी माध्यमाची मुलं मला पुढे करायची. आजींना काय म्हणायचंय, ते मला कळायचं. ज्या भाषेपायी मी निघाले होते, तिनंच मला त्या वॉर्डात जागा मिळवून दिली. आता ही बाहेरची मुलं गावातली कुटुंबं वाटून घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवायच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात गावात जातात, चुलीपाशी बसतात आणि "आजी, झोप लागते का?" विचारतात. आजी त्यांना चहा देतात. परत येताना बसमध्ये त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. त्या दिवसापासून ती इथली होतात.

मुलं टिकवणं म्हणजे अडकवून ठेवणं नव्हे, हेही मी तुमच्याकडूनच शिकले. आमच्या बॅचचा एक मुलगा कॉलेज सोडून गेला, आठवतं? त्यालाही तुम्ही सात दारं फिरवलंत. तो सातही सह्या घेऊन परत आला आणि तुम्ही त्याच दिवशी त्याचे कागद काढून दिलेत. "त्याला खरंच जायचं होतं," एवढंच म्हणालात. आज तो गावात शाळा चालवतो आणि सुखी आहे. जागा सोडणाऱ्याकडून लाखोंचा दंड घेणारे बॉन्ड मला म्हणूनच कधी पटले नाहीत. दंडाच्या भीतीनं खोलीत पडून राहिलेला मुलगा कागदोपत्री टिकलेला दिसतो, आणि तोच सर्वांत धोक्यात असतो. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं राज्यांना जागा सोडण्याचा बॉन्ड बंद करायला सांगितलं, तेव्हा मला खूप बरं वाटलं. त्याच वर्षी आयोगाच्या कृती दलाचा अहवाल आला. त्याच्या पाहणीत २५ हजारांहून अधिक एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली होती. त्यांतल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. माझ्या वर्गात १५० मुलं आहेत, त्या हिशेबानं चाळीसेक. तो आकडा वाचल्यापासून पहिल्या तासाला मी बाकांवरून नजर फिरवते. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी प्रत्येक मजल्यावर लावला आहे. त्याच्या शेजारी माझा आणि मावशींचाही.

त्या राजस्थानच्या मुलाचं सांगायचं राहिलं. नो ड्यूजचा कागद मी त्याला दिला आणि सातही ठिकाणी फोन केला. आपल्या वेळच्या मामांचा मुलगा आता या कॉलेजात अ‍ॅनाटॉमीला लागलाय. त्यानं या पोराला तासभर बसवून घेतलं. बायोकेमिस्ट्रीच्या तरुण सरांनी त्याला घरी जेवायला नेलं. गुरुवारी तो परत आला तेव्हा कागदावर चार सह्या होत्या. आठ दिवस घरी जाऊन येतो म्हणाला. रजेचा अर्ज मी रजिस्टरला चढवलाय. दुसरा, तो पहिला अर्ज, माझ्या खणात आहे, आवक क्रमांक न घातलेला.

काका, फाउंडेशन कोर्सच्या पहिल्या दिवशी तुम्ही यावं अशी माझी फार इच्छा आहे. भाषण करायचं नाही, स्टेजवर बसायचं नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, मला ठाऊक आहे. ऑफिसमधल्या नव्या क्लार्कशेजारी दुपारभर खुर्ची टाकून बसा आणि येणाऱ्या मुलांकडे बघा. कोण ठीक नाही ते मला संध्याकाळी सांगा. आणि निळ्या कव्हरची ती वही, ज्यात तुम्ही मुलांची नावं आणि गावं लिहायचात, ती अजून असेल तर येताना घेऊन या. स्टँडवर मी स्वतः घ्यायला येईन. काकूंना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
२००४ च्या बॅचची, हिंगोलीकडची