भिंत आणि चेहरा

पॅरिस

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पोर्ट्रेटवर घर चालतं, पण रंगवायला भिंत काही मिळत नाही, असं तू लिहिलंस आणि मला फ्रेंच चित्रकार इपोलित फ्लांद्रँ आठवला. इथल्या सँ-जेर्मँ-दे-प्रे चर्चमध्ये मी जातो तो त्याच्या भित्तिचित्रांसाठीच.

हा लियाँचा, १८०९चा जन्म. घरची परिस्थिती बेताचीच. १८२९ साली तो आणि धाकटा भाऊ पोल चित्रकला शिकायला लियाँहून पॅरिसला पायी गेले! तिथे आंग्रसारखा नामवंत चित्रकार गुरू मिळाला. १८३२मध्ये पॅरिसात कॉलरा पसरला, ऐन स्पर्धेत हा आजारी पडला, तरी 'प्री द रोम', म्हणजे तरुण कलाकारांना रोमला शिकायला पाठवणारं पारितोषिक, त्यानेच जिंकलं. आंग्रच्या शिष्यांत हा मान मिळवणारा तो पहिला. रोममधूनच त्याने १८३६चं ते चित्र पाठवलं, समुद्रकाठी गुडघ्यांवर कपाळ टेकून बसलेला नग्न तरुण. ते लूव्रमध्ये आहे. तू आलास की आधी तिथेच नेईन.

पण त्याचा जीव भिंतींत होता. १८४२पासून मरेपर्यंत तो सँ-जेर्मँमध्ये रंगवत राहिला. रंगात मेण मिसळायचा, त्यामुळे चमक येत नाही, चित्र दगडात मुरल्यासारखं दिसतं. सँ-व्हँसाँ-द-पोल चर्चमध्ये तर खांबांच्या वर दोन्ही बाजूंनी संतांची रांग वेदीकडे चालली आहे, एकीकडे पुरुष, एकीकडे स्त्रिया. कुणाला घाई नाही, कुणी हातवारे करत नाही. आपल्याकडे दिंडी पाहिलेल्या माणसाला ती चाल लगेच ओळखू येते.

आणि याच माणसाकडे पोर्ट्रेटसाठी लोकांची रीघ! सम्राट तिसऱ्या नेपोलियनचंही त्याने केलं. मला त्याहून 'हाती कार्नेशन घेतलेली तरुणी' आवडते. तिच्या चेहऱ्यावर तीच शांतता आहे जी भिंतीवरच्या संतांच्या चेहऱ्यांवर आहे. म्हणून म्हणतो, तुझी पोर्ट्रेटची वर्षं वाया चाललेली नाहीत. चेहऱ्यापुढे बसून शिकलेला संयम भिंतीवर उतरतो. फ्लांद्रँच्या बाबतीत तो उतरलेला मी पाहतो आहे.

१८६४ साली रोममध्ये देवीच्या रोगाने तो गेला. सँ-जेर्मँचं राहिलेलं काम पोलने पुढे नेलं.

त्या शाळेच्या भिंतीचं काय ठरलं? तुझ्या कच्च्या रेखाटनांचे फोटो पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास