मिल्या, मनूचं दूध आधी चालू कर

प्रिय मिल्या,

काल इथे इंदुरात रंगपंचमीची गेर म्हणजे रंगाची मिरवणूक झाली, त्यामुळे आज कानात गुलाल, नाक बंद आणि ऑफिसला दांडी. राजवाड्यावर यंदाही तीच गर्दी, टँकरमधून तेच फवारे, आणि मी तोंडाला ओला रुमाल बांधून कोपऱ्यात उभा, पोरं हसत होती मला. असो. मनूला रोज सकाळी शिंका येतात म्हणून तू तिची खाण्याच्या ॲलर्जीची रक्ततपासणी केलीस, तिचा परवा पाठवलेला रिपोर्ट रात्री नीट बसून वाचला. आठ पानं, लाल-पिवळे-हिरवे पट्टे, एकदम लग्नाच्या अल्बमसारखा. आणि खाली तुझा मेसेज की दूध, गहू, तूरडाळ, अंडं, केळं सगळं सोमवारपासून बंद. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच "अरे पण रिपोर्टमध्ये आलंय ना" म्हणतोस, मग मी भडकतो, म्हणून पत्र.

भिया, पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाच. आयजीजी. आयजीई नाही. दोन्ही अँटिबॉडी, म्हणजे रक्तातली संरक्षक प्रोटीनं, पण ॲलर्जीत जी उठून गोंधळ घालते ती आयजीई, १९६६ च्या सुमारास इशिझाका नावाच्या जपानी नवरा-बायकोने शोधली, आणि त्यासाठी स्वतःच्याच कातडीवर टोचून बघितलं होतं म्हणतात. लोक वेडे असतात ते असे. आयजीजीचं काय, तर शरीराची त्या पदार्थाशी ओळख झालीये एवढंच ते सांगतं. मनू रोज दूध पिते म्हणून दुधाला लाल पट्टी. म्हणजे पोरगी दूध पिते हे तुला आठ पानांत कळलं, आणि त्यासाठी तू पैसे मोजलेस! ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या मोठमोठ्या संघटनांनी ही टेस्ट यासाठी वापरू नका म्हणून कधीचं सांगितलंय. वाढत्या वयातली पोर आहे, सगळंच बंद केलं तर खाणार काय, लिंबू सरबत?

आणि आयजीई पॉझिटिव्ह आली तरी लगेच ताट ओढून घ्यायचं नसतं. खाल्ल्यावर काय होतं ते बघायचं. खाण्याची खरी ॲलर्जी बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. ओठ सुजतात, अंगावर गांधी येतात, उलटी होते. नुसत्या सकाळच्या शिंका, बाकी दिवसभर पोर धडधाकट, हे काही दुधाचं लक्षण नाही. आपल्याकडे "वावडं" हा शब्द मस्त आहे पण त्यात सगळंच कोंबतात, कारलं आवडत नाही तेही वावडं, दूध पचत नाही तेही वावडं. दूध न पचणं म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम कमी, पोट फुगतं, जुलाब होतात, त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही.

आता माझं ऐक, कारण हे सगळं मी भोगलंय. रामबागेतल्या घरात मी उठलो की शिंका सुरू, पंधरा-वीस, आणि तू खाली सायकल घेऊन उभा राहून मोठ्याने मोजायचास. आई म्हणायची कफाची प्रकृती आहे याची. मग दही बंद, केळं बंद, रात्री भात बंद. सराफ्याच्या खाऊगल्लीत तुम्ही सगळे दहीबडे हाणायचे आणि मी बाजूला गरम जिलबी घेऊन तोंड पाडून. वीस वर्षं कोणी साधं विचारलं नाही की शिंका सकाळीच का, दुपारी का नाही, आणि उन्हाळ्यात मामाकडे गच्चीवर चटईवर झोपलो की एकही का नाही.

मधे एका मेडिकलवाल्याने नाकात टाकायचे थेंब दिले. दोन मिनिटांत नाक मोकळं, वाटलं जन्म सार्थकी लागला. आठ महिने टाकले! ते थेंब तीन ते पाच दिवसांच्या वर टाकायचेच नसतात, असर उतरला की आतली कातडी आधीपेक्षा जास्त सुजते, मग परत थेंब, परत सूज. शेवटी थेंबांशिवाय झोप येईना. ते सोडवायला जो त्रास झाला तो मूळ शिंकांपेक्षा मोठा. मनूच्या नाकात असलं काही मेडिकलवरून आणून टाकू नकोस.

मग एकदाची प्रिक टेस्ट, म्हणजे कातडीवर टोचून करायची ॲलर्जीची तपासणी, झाली. आधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद, नाहीतर काही उमटतच नाही. हात टेबलावर उताणा, त्यावर बॉलपेनने आकडे, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब, आणि थेंबातून बारीक टोच, रक्तसुद्धा येत नाही. एक थेंब नुसत्या सलाइनचा, तो फुगायला नको. एक हिस्टामीनचा, म्हणजे ॲलर्जीत खाज-सूज आणणाऱ्या रसायनाचा, तो फुगलाच पाहिजे. मग पंधरा-वीस मिनिटं बसायचं आणि खाजवायचं नाही, हेच अवघड. मी हाताकडे टक लावून बसलेलो. गव्हाच्या भुशाचं येईल असं वाटत होतं, कारण छावणीच्या धान्यमंडीतून वर्षाचे गहू आणले की माझं काही खरं नसतं. पण नाही. सहा नंबर हळूहळू वर आला, मधे पांढरा, भोवती लाल, जाड डास चावल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी पट्टीने मोजला आणि विचारलं, गादी कापसाची का, किती जुनी? आजोबांच्या वेळची होती रे. दर दोन वर्षांनी पिंजारी यायचा, अंगणात तुण् तुण् करत तोच कापूस पिंजायचा आणि नवी खोळ चढवायचा. आत सगळं तेच.

सहा नंबर म्हणजे डस्ट माइट. ०.३ मिलिमीटरचा जीव, डोळ्याला दिसत नाही, चावत नाही, आपल्या अंगावरून गळालेली कातडी खातो आणि दमट ऊबेत राहतो, म्हणजे गादी त्याच्यासाठी फाइव्ह स्टार हॉटेलच. त्रास त्याच्या विष्ठेतल्या प्रोटीनचा. रात्रभर नाक उशीत, म्हणून सकाळी शिंका. गादी उन्हात टाकून किडे मरतात पण विष्ठा आतच राहते, नुसतं ऊन दाखवून भागत नाही. मी शेवटी नवी गादी घेतली, तिला आणि उशीला घट्ट विणीच्या, चेनवाल्या खोळी घातल्या, आणि चादरी दर आठवड्याला ६० डिग्रीवर मशीनमध्ये. झाडू मारत नाही, ओलं पुसतो. मनूच्या खोलीत टेडी असतील तर पिशवीत घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेव, मग धू. प्युरिफायर घ्यायची घाई करू नकोस, हे कण जड असतात, हवेत फार वेळ तरंगत नाहीत.

गव्हाचं म्हणशील तर तो नुसता भुसा टोचतो नाकाला, ॲलर्जी नाही निघाली. पण धान्याच्या धुळीला हलकं घेऊ नये. बार्सिलोनात १९८० च्या दशकात अधूनमधून एकाच दिवशी ढिगाने लोक दम्याने दवाखान्यात यायचे, शेवटी कळलं की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवतात त्या दिवशीच हे होतं. धान्य साठवायच्या उंच कोठ्यांना, सायलोंना, फिल्टर बसवले आणि थांबलं. आपल्या सोयाबीनच्या माळव्यात हे ऐकून मला मंडीतले हमाल आठवले. आणि तुमचं पुणं पण कमी नाही, ज्या गाजर घासने आमच्या इथे हातापायाला खाज सुटते ती १९५० च्या दशकात भारतात पहिल्यांदा नजरेत आली ती तुमच्याच पुण्यात. तुम्ही त्याला काँग्रेस गवत म्हणता. मनू सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये खेळते ना, तिथे उगवलंय का बघ, आणि उघड्या हाताने उपटू नकोस.

वहिनी म्हणत होती की मागच्या महिन्यात मनूला "पित्त उठलं" आणि आमसूल लावलं. लावा, गार वाटतं. पण त्या गांधींचा आणि छातीतल्या जळजळीच्या पित्ताचा संबंध नाही, आपल्या भाषेने दोघांना एकच नाव दिलंय एवढंच. पोरांना ताप-सर्दी झाल्यावर पुष्कळदा असं उठतं आणि आपोआप जातं.

गोळी कुठली, स्प्रे कुठला, ते बालरोगवाले वजन बघून ठरवतील. स्प्रे दिला तर दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणून फेकू नकोस, पूर्ण असर यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मान थोडी पुढे, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नळीचं तोंड बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही, आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात. रात्री खोकला किंवा छातीत शिट्टी वाजते का तेही डॉक्टरांना सांग, नाकाच्या ॲलर्जीबरोबर दमा पुष्कळदा असतो.

एकच गोष्ट घाबरायची. काही खाल्ल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर जीभ-ओठ सुजले, आवाज बसला, श्वास लागला, किंवा गांधींबरोबर उलट्या आणि चक्कर, तर गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. आडवं झोपवायचं, श्वास लागत असेल तर बसू द्यायचं, चालवायचं नाही, १०८ ला फोन किंवा सरळ गाडीत घालून जवळचं हॉस्पिटल. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, त्यानेच जीव वाचतो.

आता शेवटचं, आणि हे लिहिताना जरा कसंतरी होतंय. तू म्हणालास शिंका दिवाळीनंतर सुरू झाल्या. दिवाळीत तुम्ही इथे आला होतात, आणि जाताना आईने मनूला गोधडी दिली. जुन्या लुगड्यांची, बारा वर्षं आमच्या कपाटाच्या तळाशी पडलेली. मनू तिच्यात तोंड खुपसून झोपते, तूच फोटो पाठवला होतास. भिया, ती आधी ६० डिग्रीवर धू, दोनदा, आणि मग पंधरा दिवस सकाळच्या शिंका मोज, तुला सवय आहे. आईला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस, ती दुसरी शिवायला बसलीये.

तुझा,
अव्या