रमजानमधली चाचणी आणि मुलांवरचा शिक्का

महोदय,

1906 साली शाहू महाराजांच्या पाठबळावर जिथे मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, त्या कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या मानसिक विकासाचा अभ्यास जरूर व्हावा. पण तो नीट व्हावा. मुलांच्या भावना आणि वर्तन तपासायला ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची 1997 ची 25 प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. त्यात भावनिक त्रासाचे 5 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 2 गुण. एक प्रश्न डोकेदुखी-पोटदुखीचा. रोजा धरलेल्या नववीतल्या मुलीचे दुपारी डोके दुखते ते पाणी-चहा नसल्याने, सहरीसाठी (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी) झोप मोडल्याने. प्रश्न गेल्या 6 महिन्यांचा असला तरी मूल आजचेच सांगते आणि 2 गुण भावनिक त्रासाच्या खात्यात पडतात. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे येतो, म्हणून तारीख ठरवताना हिजरी दिनदर्शिका पाहावीच. ईदनंतरही झोपेची घडी बसायला दोन-तीन आठवडे द्यावेत.

दुसरी गोची भाषेची. शाळेत मराठी किंवा उर्दू, घरात बऱ्याचदा दखनी ही उर्दूची दक्षिणी बोली. पालकांसाठीचे प्रश्न छापील उर्दूत वाचून दाखवले की आई मान डोलावते, पण अर्थ पोहोचलेला नसतो. आधी आठ-दहा पालकांना ‘यातून काय समजले?’ असे विचारून वाक्ये बदलावीत. पालकांच्या संमतीबरोबर मुलाचा स्वतःचा होकारही हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे तेच सांगतात.

आणि घरचे उत्पन्न, आईचे शिक्षण न नोंदवता दोन धर्मांच्या मुलांची तुलना छापू नये. दिसणारा फरक धर्माचा नसून गरिबीचा असू शकतो.

– मानसशास्त्राचे अध्यापक, कोल्हापूर