विषाचा अभ्यास करणाऱ्या लेकीस

रामबाग, इंदूर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीला सापाच्या विषाचा विषय घेतलास हे कळल्यापासून आत्याचा एकच धोशा, "पोरीला दुसरं काही मिळालं नाही का?" मी तिला सांगितलं, दादा सकाळी रक्तदाबासाठी रामिप्रिलची गोळी घेतो ना, तिचं मूळ ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात आहे. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. तिथल्याच सर्जिओ फेरेरा या शास्त्रज्ञांनी १९६५ साली त्या विषातला घटक दाखवून दिला, त्यावरून पुढे कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध बेतलं गेलं. रामिप्रिल त्याच घराण्यातलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

पण अशी औषधं शोधायला पैसा मिळतो. ज्याला साप चावला त्याच्यासाठी झटणारे थोडे, आणि तू त्यांच्यातली व्हावीस असं मला मनापासून वाटतं. मी लॅबमध्ये होते तेव्हा पावसाळ्यात घोणस चावलेली माणसं यायची, सोयाबीनच्या रानातले मजूर बहुतेक. काचेच्या नव्या कोऱ्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं (साबणाने धुतलेली नळी दगा देते), वीस मिनिटं धक्का न लावता ठेवायचं, मग अलगद कलती करायची. एरवी रक्ताची गुठळी बुडाला धरून राहते. विषाने गोठवणारे घटकच संपवलेले असले की सगळं रक्त पाण्यासारखं ओघळतं. बाहेर त्याची बायको उभी असायची.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर मिळून एकच लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं प्रतिविष. तिच्यासाठीचं विष बरंचसं तमिळनाडूतल्या साप पकडणाऱ्या इरुळ आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रांतागणिक बदलतं. आपल्या माळव्यातल्या घोणसवर ती लस किती चालते, हे तपासण्यासारखं काम नाही का?

त्याला मोठी लॅबच लागते असंही नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड भागात विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विषाने अॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा उठतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं, हे पाहून त्यांनी प्राझोसिन दिलं, रक्तदाबावरचं साधं औषध. हातचे जाणारे रोगी वाचू लागले.

आणि सुकवलेल्या विषाची पूड उडते, नाकातोंडात गेली तर त्रास होतो. मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नकोस. विषयाचा आराखडा झाला की मला पाठव, वाचून कळवते.

तुझी,
आई